हॅलोमामांनी मानलेले आभार

माझ्या सख्ख्या मामांना सगळं गाव हॅलोमामा म्हणतं. त्यांचा धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. शाळेचा बक्षीस समारंभ असो, कामगारांची सभा असो, मैदानावरचे सामने असोत, एका माणसाचं बोलणं पुष्कळांना ऐकवायचं असलं की मामांची गाडी आधी येऊन उभी राहायची. स्टँड उभा करायचा, वायर पसरायची, माईकजवळ तोंड नेऊन दोनदा ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मामांचं भाषण तिथेच संपायचं. पुढचं सगळं दुसऱ्यांनी बोलायचं आणि मामांनी कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसून आवाज कमीजास्त करायचा.

माणूस मुळातच अबोल. चारचौघांत कुणी काही विचारलं तर आधी कान लाल व्हायचे, मग उत्तर यायचं. घरात बोलायचं खातं मामीकडे होतं. मामी पूर्वी टेलिफोन ऑफिसात होती, हेडफोन लावून लोकांना फोन जोडून द्यायची. ती मला म्हणायची, “तुझ्या मामांनी आणि मी मिळून अख्ख्या गावाचं बोलणं ऐकलंय. त्यांनी मोठ्याने ऐकलं, मी हळू.”

निवडणूक आली की मामांना श्वास घ्यायला सवड नसायची. ते सगळ्याच पक्षांना गाडी द्यायचे. पक्षांची नावं, चिन्हं वगैरे भानगडीत ते पडत नसत. त्यांच्या लेखी दोनच पक्ष होते, आतले आणि बाहेरचे. सत्तेत बसलेले ते आतले आणि आत यायला धडपडणारे ते बाहेरचे. सगळ्यांची भाषणं शेवटपर्यंत ऐकणारा गावात बहुतेक एकच माणूस असेल, कारण वायर गुंडाळून झाल्याशिवाय मामांना घरी जाता येत नसे. एवढं ऐकूनही त्यांना राजकारणाचा राग नव्हता. ‘त्यांचा धंदा बोलण्याचा, आपला ऐकवण्याचा,’ असं म्हणून ते विषय मिटवायचे.

दुकान नदीकाठच्या खालच्या गल्लीत होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात भिंतीवर वायरींची भेंडोळी, फळीवर जुने ॲम्प्लिफायर, आणि दाराशी पितळेच्या मुठीचा एक माईक, जो कुणालाच भाड्याने द्यायचा नाही असं मामांनी ठरवून टाकलं होतं. मागच्या खोलीत मामी. वर्षभरापूर्वी बाथरूममध्ये पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि वॉकर धरून ती खोलीतल्या खोलीत फिरायची. उंबरा ओलांडायचा तर कुणीतरी लागायचं.

गल्लीत समोर पाववालीची बेकरी होती. बाई उंच, आडव्या बांध्याची आणि आवाजाने खणखणीत. तिच्या आणि मामीच्या गप्पा दारातून दारात चालायच्या, मध्ये रस्ता आहे याचं दोघींनाही सोयरसुतक नसे. आणि गल्लीच्या तोंडाशी धडधड्या राहायचा. हे नाव मामीने ठेवलेलं. तरुण माणूस, स्वतःचा ट्रक, आणि त्यावर कपाटाएवढे काळे स्पीकर. त्याने ते चालू केले की घराघरातली तावदानं थरथरायची. मामांची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली होती. मामा कुणाबद्दल वाईट बोलत नसत, पण धडधड्याबद्दल एकदा म्हणाले होते की तो आवाज नाही, धक्का भाड्याने देतो. दोघांत भांडण असं नव्हतं, पण समोरासमोर आले की एकमेकांच्या वायरींकडे बघत निघून जायचे.

मतदान तोंडावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. वर डोंगरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गावात मात्र नुसती भुरभुर. नदी फुगली होती, पण दरवर्षी फुगते तशीच असेल असं सगळ्यांना वाटत होतं. संध्याकाळी आतल्यांची मोठी सभा होती. मैदानावरचं काम धडधड्याला मिळालं होतं आणि गल्लोगल्ली पुकारायचं काम मामांना. मामांच्या छोट्या गाडीवर दोन कर्णे होते. कर्ण्यांच्या मध्ये पुढाऱ्याचा माणसाएवढा हसरा पुठ्ठा, दोन्ही बाजूंना सभेचे फलक. आत टेप लावलेली. टेपमधला माणूस ‘प्रचंड जाहीर सभा’ म्हणत होता आणि मामा गाडी हाकत होते.

दुपारी ते पुलापाशी आले तर नदीच्या बांधावरचा रखवालदार समोरून धावत आला. ढोपरापर्यंत चिखल, अंगावरचे कपडे चिंब. त्याने गाडीच्या टपावर हात आपटला. बांधाच्या बुडातून पाणी पाझरायला लागलं होतं आणि पाझर मोठा होत होता. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसला तो केव्हापासून फोन लावत होता. कुणी उचलत नव्हतं, सगळी माणसं सभेच्या तयारीला गेली होती.

“तुमच्याकडे कर्णे आहेत,” तो म्हणाला. “तुम्ही सांगा लोकांना.”

“मी काय सांगू?” मामांनी विचारलं.

“पाणी येतंय म्हणून सांगा. आणि लवकर सांगा.”

मामांनी टेप बंद केली. हातात माईक घेतला. नंतर ते मला सांगत होते की आयुष्यभर इतकी भाषणं ऐकली, पण त्या वेळी कामाला येईल असं त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी जे तोंडाला आलं ते बोलले. मी लाउडस्पीकरवाला बोलतोय. बांध फुटायला आलाय. सामान आवरत बसू नका, म्हाताऱ्यांना आणि मुलांना घ्या आणि वरच्या शाळेकडे चला. एवढंच, पुन्हा पुन्हा.

पुलापाशीच्या लोकांना आधी ते खरंच वाटेना. गाडीवर पुढारी हसतोय आणि गाडी पाणी आलं म्हणतेय, प्रचाराची नवी तऱ्हा असणार. एका खिडकीतून एक आजी ओरडल्या की आमचं मत कुणाला द्यायचं ते ठरलंय, तुम्ही पुढे जा. मामांनी गाडी थांबवली.

“आजी, मताचं नंतर बघू,” ते माईकमधूनच म्हणाले. “आधी चपला घाला.”

ते अख्ख्या वस्तीने ऐकलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी नदीकडे बघितलं, आणि मग दारं उघडायला लागली.

पुलापासून दोन रस्ते फुटतात. एक गिरणीमागच्या बैठ्या घरांकडे जातो, दुसरा मामांच्या गल्लीकडे. बैठी घरं बांधाला लागून होती, म्हणून मामा आधी तिकडे गेले. आपल्या गल्लीला अजून वेळ आहे, असा त्यांचा हिशोब होता. मधेमधे ते मामीला फोन लावत होते. फोन लागत नव्हता. गिरणीमागची शेवटची घरं रिकामी होत असताना मागून असा आवाज आला की मामांना वाटलं, धडधड्याने कुठेतरी स्पीकर चालू केले. तो बांध होता.

चढावर गाडी घालून त्यांनी मागे पाहिलं तर आपल्या गल्लीकडे जाणारा रस्ता राहिलाच नव्हता. तपकिरी पाणी, त्यावर टोपल्या, दारं, एक पलंग. खाली जायची वाट नव्हती. मग त्यांनी एकच केलं. गाडी वळवून दोन्ही कर्णे गल्लीच्या दिशेने केले, आवाज शेवटापर्यंत वाढवला आणि चढावर जमलेल्या सगळ्या माणसांदेखत, जन्मात कधी चारचौघांत बायकोशी न बोललेला तो माणूस माईकवर बोलायला लागला. “अगं, ऐकतेस का? ऊठ. दार उघड आणि बाहेर ये. कुणालाही हाक मार. मला यायला जमत नाहीये गं.”

बाजूला उभ्या असलेल्यांनी मला हे नंतर सांगितलं. मामांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

मी वरच्या भागात एका दातांच्या दवाखान्यात काम करते. बातमी आली तशी मी शाळेकडे पळाले. मामा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पांढराफटक. मी त्यांचा हात धरला तेवढ्यात आतल्या वर्गातून ओळखीचा आवाज आला. लहान मुलांच्या बाकावर, अंगाभोवती शाळेच्या स्टेजचा काळा पडदा गुंडाळून, मामी चहा पीत बसली होती आणि चहात साखर कमी असल्याचं कुणालातरी समजावत होती. समोर वॉकर, तोही कोरडा.

मामा आत गेले आणि तिच्याजवळ खाली फरशीवर बसले. मामीने कप त्यांच्या हातात दिला.

“मी माईकवर तुला हाक मारली,” चहाचा घोट घेऊन मामा म्हणाले.

“मला कुठली ऐकू येणार,” मामी म्हणाली. “ही बाई त्याहून मोठ्याने ओरडत होती.”

ही बाई म्हणजे पाववाली. गिरणीकडे फिरणाऱ्या गाडीचा आवाज वाऱ्यावर तुटक तुटक गल्लीपर्यंत आला होता. बाकीच्यांनी तो सभेचा म्हणून सोडून दिला, पण पाववालीच्या लक्षात आलं की टेप बंद आहे आणि मामा स्वतः बोलताहेत. मामा बोलताहेत म्हणजे काहीतरी भलतंच घडलंय, एवढं तिला पुरलं. भट्टीत पाव तसेच ठेवून ती आधी मामीकडे आली. मामीला उठवून दारापर्यंत आणलं, पण पुढे कसं न्यायचं कळेना. त्याच वेळी धडधड्या सभेच्या मैदानाकडे निघाला होता, ट्रकवर सगळे स्पीकर चढवून. पाववाली रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

मामीने पुढचं सांगितलं तेव्हा तिचा आवाज जरा खाली आला. धडधड्याने खाली उतरून दोघींकडे पाहिलं, गल्लीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि ट्रकचं मागचं फाळकं पाडलं. मग एकेक स्पीकर ढकलून रस्त्यावर टाकला. जागा झाल्यावर मामीला लहान मुलासारखी उचलली. “काकू, मानेला धरा, लाजू नका,” म्हणाला. मागोमाग गल्ली ट्रकमध्ये चढली. ट्रक चढाला लागला आणि मागे पाणी गल्लीत शिरलं.

“त्याने एकदाच मागे वळून बघितलं,” मामी म्हणाली. “एकदाच.”

धडधड्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ट्रकचं चाक तपासत होता. मामा त्याच्यापाशी गेले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि तसेच उभे राहिले. त्यालाच अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, “मामा, असं नका करू. माझा हॉर्न वाजत नाहीये, तो तेवढा बघून द्या.” आणि मामांनी खरंच खिशातून पेचकस काढला.

माणसं वाचली. सगळी वाचली असं म्हणता येत नाही. गिरणीमागे एक आजोबा ‘हे नेहमीचंच आहे’ म्हणून घरात बसून राहिले होते, ते गेले. मामांनी त्यांच्या दारासमोर गाडी थांबवली होती, पण ते आत आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. ते दुःख मामांनी कधी मिटवलं नाही आणि आम्हीही कधी समजूत काढायला गेलो नाही.

पाणी ओसरायच्या आधीच पक्ष आले. आतल्यांनी धान्याच्या पिशव्या आणल्या, पिशवीवर पुढाऱ्याचा फोटो. बाहेरच्यांनी बादल्या आणल्या, बादलीवर त्यांचं चिन्ह. पिशवी घेताना फोटो, बादली घेताना फोटो. एका बाईला पिशवी दोनदा घ्यायला लावली, कारण पहिल्या वेळी तिने कॅमेऱ्याकडे बघितलं नव्हतं. तरी मी एक सांगेन, त्या पिशव्या आणि बादल्या लागत होत्या. मामाही तेच म्हणायचे. आतल्यांच्या पक्षातली एक मुलगी होती, गळ्यात पक्षाचा पट्टा. बाकीचे फोटोत असताना ती शाळेच्या संडासात पाणी ओतत होती, रोज, न सांगता. मामांनी ते बघून ठेवलं होतं.

मग चौकात मोठा फलक लागला. कुणीतरी खिडकीतून मोबाईलवर मामांच्या गाडीचं चित्रण केलं होतं. त्यात गाडी दिसत होती, वर हसणारा पुठ्ठा दिसत होता आणि आवाज सगळ्यांना सावध करत होता. आतल्यांना आयतंच मिळालं. फलकावर गाडी, पुठ्ठा, आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘संकटात पहिली हाक आमचीच’. गाडी चालवणाऱ्याचं डोकं कापलेलं. दोन दिवसांत समोरच बाहेरच्यांचा फलक आला. त्यावर मामी. चिखलात वॉकर धरून, घर बघायला गेली होती तेव्हा कुणीतरी टिपलेली. खाली, ‘हिला वाऱ्यावर सोडलं कुणी?’

मामीला ते फार लागलं. “वाऱ्यावर कुठे सोडलंय मला? सगळ्या गल्लीने उचलून आणलंय,” ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, “निदान केस तरी विंचरू द्यायचे होते.”

दोन्ही पक्षांची माणसं शाळेत येऊन गेली. आधी बाहेरच्यांचा एक जण आला. ऑफिसात फोन उचलला गेला नाही हे मामांनी त्यांच्या सभेत सांगावं, असं त्याचं म्हणणं. मामांनी त्याला शांतपणे सांगितलं की ते खरं आहे, कुणी चौकशी केली तर मी सांगेन, रखवालदारही सांगेल, पण तुमच्या फलकाखाली उभं राहून नाही. त्याने मामांना आतल्यांचा माणूस ठरवलं आणि गेला. मग आतल्यांचा आला, गळ्यात मफलर गुंडाळलेला, गोड बोलणारा. त्यांना शाळेच्या मैदानावर आभाराची सभा घ्यायची होती. लोकांनी साहेबांचे आभार मानायचे. मामांनी स्पीकर लावायचे आणि शेवटी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. मामींना खुर्चीतून स्टेजवर आणायची सोय ते करणार होते.

मामांचे कान लाल झाले. ते नाही म्हणणार तेवढ्यात मामीने त्यांना थांबवलं. मफलरवाला बाहेर गेल्यावर म्हणाली, “तुम्हाला आभार मानायचेत ना? इतके दिवस मनात घोळवताय. सगळं गाव एका जागी जमणार आहे, मग जा की. फक्त कुणाचे मानायचे ते त्यांना विचारायला जाऊ नका.”

स्वतः स्टेजवर जायला मात्र तिने साफ नकार दिला. आपण खाली पाववालीशेजारी बसणार, असं सांगितलं.

सभेच्या दिवशी मामांनी आपले दोन कर्णे शाळेच्या भिंतीवर बांधले. धडधड्याचे स्पीकर गेले होते, पण त्याच्या घरातला एक ॲम्प्लिफायर माळ्यावर असल्यामुळे वाचला होता. तो त्याने आणला. दोघांनी मिळून वायर ओढली. एवढ्या वर्षांत एका सभेला दोघांनी एकत्र काम केलं ते पहिल्यांदा, आणि कुठला खटका कुणी दाबायचा यावरून दोघांचं जरा वाजलंही.

ऊन उतरत असताना सभा सुरू झाली. लोक जमिनीवर बसले होते. अंगावर मिळालेले कपडे, मापाला न बसणारे. पुढारी बोलायला उठला. वाईट माणूस वाटत नव्हता, थकलेलाच दिसत होता. पण हातात भाषण होतं आणि भाषणात लिहिलं होतं की धोक्याची चाहूल लागताच त्यांनी स्वतः गाडी पाठवण्याचा आदेश दिला. समोर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीच्या धान्याचा प्रश्न होता, शिवाय पुष्कळांना ते खरंही वाटलं असेल. थोड्या टाळ्या पडल्या. मग मफलरवाल्याने मामांचं नाव पुकारलं.

मामा टेबलापासून उठले. त्यांच्या जागी धडधड्या बसला. मी पाववालीच्या मागे होते. मामा स्टेजवर चढले, माईकची उंची आपल्या हाताने खाली केली आणि सवयीने म्हणाले, “हॅलो, हॅलो.” मैदान हसलं. त्या हसण्याने त्यांना धीर आला असावा.

“मी आभार मानायला आलोय,” ते म्हणाले. “बांधावरचे रखवालदार तिकडे मागे उभे आहेत. ते पाण्यातून धावत आले आणि त्यांनी मला सांगितलं, म्हणून मला कळलं. आणखी कुणी सांगितलं नव्हतं. गाडीवर फलक होते, कारण गाडी सभेसाठी लावलेली होती. आदेश कुणाचा नव्हता. मला कुणी अडवलंही नाही, हेही खरं आहे.”

मफलरवाल्याने खालून धडधड्याला हाताने खूण केली, आवाज बंद कर म्हणून. धडधड्याने मान हलवली, खटक्याकडे हात नेला आणि आवाज थोडा वाढवला.

मामा बोलतच होते. पाववालीने भट्टी सोडून आधी शेजारणीला उठवलं. एका माणसाने आपल्या पोटापाण्याचे स्पीकर रस्त्यावर टाकले आणि त्या जागेत माझी गल्ली बसवली. तो आत्ता मी नेहमी बसतो त्या टेबलाशी बसलाय. मी त्याला वर्षानुवर्षं नीट ओळख दिली नव्हती. शाळेच्या शिपाईबाईंनी न विचारता सगळे वर्ग उघडले. साहेबांच्या पक्षात एक मुलगी आहे, तिने रोज संडास धुतले, तिचेही आभार. साहेबांनी धान्य दिलं, आम्ही ते खाल्लं, त्याचेही आभार. “पण आभार ज्याचे त्याला मिळावेत,” मामा म्हणाले. “एवढंच.” आणि माईकची उंची पुन्हा पुढाऱ्यासाठी वर करून ते खाली उतरले.

मग गर्दीच्या मागून रखवालदार म्हणाला की मलाही दोन शब्द बोलायचेत, आणि त्याने मामांचे आभार मानले. मग गिरणीमागची एक बाई उठली. तिचं तान्हं मूल एका अनोळखी माणसाने खांद्यावरून नेलं होतं, तो इथे आहे का, असं तिने विचारलं. तो होता. रंगकाम करणारा माणूस, तो लाजून उभा राहिला. मग आणखी एक उठला, मग आणखी एक. मामा माईक घेऊन माणसांमधून फिरायला लागले, वायर पुरेल तिथपर्यंत. चपला घालायला सांगितलेल्या आजींनीही माईक मागून घेतला आणि आपण आधी दार लावून घेणार होतो हे सगळ्यांना सांगितलं. माझ्या शेजारी मामी रडत होती आणि पाववाली तिला दटावत होती, स्वतःचे डोळे पुसत. मीही त्या दोघींचे हात धरून बसले होते. आपल्याला इतक्या माणसांनी धरून ठेवलं होतं, हे मला तोवर एवढं कळलं नव्हतं.

पुढारी स्टेजवर बसून सगळं ऐकत होता. उठून जाता येईना. शेवटी तो खाली उतरला, रखवालदारापाशी गेला आणि फोन कुणाला लावला होता ते विचारून घेतलं. पुढे त्याने त्याचं काय केलं, मला माहीत नाही. पण विचारलं, हे मी पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी बाहेरच्यांच्या गाड्यांवरून मामांचा आवाज गावभर घुमायला लागला. ‘आदेश कुणाचा नव्हता’ एवढंच वाक्य, पुन्हा पुन्हा. ‘मला कुणी अडवलंही नाही’ हे कापलं होतं. आभार तर सगळेच कापले होते. मामा त्यांच्या कचेरीत जाऊन सांगून आले की वाजवायचं तर पुरतं वाजवा. ते हसले आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मतदान झालं, बाहेरचे आत आले आणि आतले बाहेर गेले. चौकातले दोन्ही फलक उतरले आणि ते कापड कुणीतरी गोठ्यावर घातलं.

त्यानंतर पुष्कळ दिवस कुठल्याच पक्षाने मामांना बोलावलं नाही. दोघांनाही ते नको होते. दुकानात चिखल होता, जुने ॲम्प्लिफायर गेले होते, पितळेच्या मुठीचा माईकही गेला. पण एके सकाळी धडधड्या ट्रक घेऊन दारात आला आणि म्हणाला की तुमच्याकडे कर्णे आहेत, माझ्याकडे ट्रक आहे, वेगवेगळं उपाशी बसण्यापेक्षा एकत्र बसू. मामांनी त्याला आत बोलावलं. दोघांनी मिळून दुकान खरवडून काढलं. गल्लीतले लोक येऊन हात लावून गेले. पाववालीची भट्टी पहिल्यांदा पेटली तेव्हा पहिला पाव तिने धडधड्याला दिला, आणि त्याला धडधड्या म्हणायचं मामीने त्या दिवसापासून बंद केलं. आता ती त्याला लेका म्हणते.

खालच्या वस्तीने स्वतःच आणखी एक काम केलं. शाळेच्या गच्चीवर कर्णे बसवले आणि त्यांचा माईक बांधावरच्या रखवालदाराच्या चौकीत नेला. वायर दोघा भागीदारांनी टाकली. नव्या आतल्यांना त्याचं उद्घाटन करायचं होतं. तसा निरोपही आला. पण तोवर रखवालदाराची त्यावरून दोनदा पाण्याची पातळी सांगून झाली होती, त्यामुळे उद्घाटनासारखं काही उरलं नव्हतं.

मागच्या रविवारी मी मामांकडे गेले होते. मामी घरात नव्हती. आता ती काठी घेऊन एकटी रस्ता ओलांडते आणि बेकरीच्या फळीवर बसून पाववालीच्या हिशोबात चुका काढते. मी मामांना विचारलं की तुमचं बोलणं कापून लोकांनी वापरलं, त्याचं वाईट वाटतं का. मामा वायरची टोकं सोलत होते.

“ज्यांचे आभार मानले ती माणसं समोर बसली होती,” ते म्हणाले. “त्यांनी पुरतं ऐकलं. मला बाकीच्यांना कुठे ऐकवायचं होतं?”

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. मुलींच्या सामन्याला स्पीकर लावायला जायचं होतं. मामांनी वायर खांद्यावर टाकली, समोरच्या बेकरीकडे बघून मामीला हात केला आणि ट्रकमध्ये चढले.